यूरिक उतरलं

"मामा गेलो," एवढंच सांगून मामीने फोन ठेवला, तेव्हा मी डिचोलीच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या मांडत होते. रडू नंतर आलं. आधी राग आला. पेडण्याच्या मिठागरांत जन्म काढलेला माणूस मीठ सोडून मेला. इतकं बिनडोक मरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

मामाला सगळं कळायचं. पायाचा अंगठा सुजला, यूरिक ॲसिड वाढलेलं निघालं, तर डॉक्टरांच्या गोळ्या त्याने फेकून दिल्या. मोबाइलवरच्या कुठल्याशा बाबाचं ऐकून मीठ बंद केलं आणि दिवसभर पाणी ढोसू लागला, बाटलीमागून बाटली. पेज अळणी, माशांचं हुमण अळणी, वर आम्हालाच उपदेश. दर महिन्याला बसने यायचा, माझ्यासमोर दंड पुढे करायचा. "गो बाय, युरिक तेवढा बघ. बाकीचा काय नाका."

मी तेवढंच बघायची. यूरिक उतरत गेलं. शेवटच्या खेपेला तर नेहमीच्या मर्यादेच्याही खाली. मामा खूश. जाताना त्याने मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली, दारातली पायरीही चुकला. "वय झाला गो," म्हणाला. मी हसले...

चारच दिवसांत त्याला झटके आले. इस्पितळात सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, मोजलं, ते पार तळाला गेलेलं. मी त्याच्या यूरिकचा आकडा सांगितला तशी तिथली डॉक्टर म्हणाली, "अंगात पाणी फार झालं की मूत्रपिंडं यूरिक धरून ठेवत नाहीत, लघवीतून सोडून देतात. तो आकडा इतका उतरला, तेव्हाच सोडियम बघायला हवं होतं." मामा शुद्धीवर आलाच नाही.

बाराव्याला जमलेली शहाणी मंडळी म्हणत होती, निदान यूरिक तरी ताब्यात आणलं त्याने. त्यांच्या पानांत वाढलेल्या मिठाकडे मी नुसती बघत राहिले.

तो शेवटचा रिपोर्ट मामीच्या फ्रिजवर अजून चिकटवलेला आहे. मामी काढू देत नाही. "त्येंचा यश ता," म्हणते. यूरिकच्या आकड्याखाली मामाने लाल पेनने दोन रेघा मारल्या आहेत. शेजारी निळ्या शाईत लिहिलंय, "शाब्बास, मामा." ते अक्षर माझं आहे.