दादाचा कानामागचा हात

छापखान्यातल्या त्या बाइंडरला सगळे नकल्याच म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं जायचं तेवढंच. पुस्तकं शिवता शिवता तो समोरच्याची चाल, खोकला, चष्मा पुसायची तऱ्हा असं काही उचलायचा की बघणाऱ्याची हसून हसून पुरेवाट व्हावी. दरवर्षी कामगारांच्या स्नेहसंमेलनात तो साहेब लोकांची टर उडवायचा आणि साहेब पहिल्या रांगेत बसून हसायचे, कारण न हसून सांगतात कुणाला. वर्षभर तोंडावर बोलता येत नाही ते त्या एका संध्याकाळी वेष चढवून बोलायचं, असा तिथला रिवाजच होता.

यंदा नवे मॅनेजर आले आणि त्यांनी निरोप धाडला की थट्टा खुशाल करा, पण कुणी ओळखू येता कामा नये. झालं. ओळखू न येणारी नक्कल म्हणजे काय डोंबल! त्यात नकल्याचा हट्ट असा, की मनाने रचलेली लकब तो कधी करायचाच नाही. जिवंत माणसावरून उचललं तरच ते जिवंत दिसतं, असं तो येताजाता सांगायचा. मग यंदाचा साहेब उचलायचा कुणावरून? तर या पठ्ठ्याने तो घरातूनच उचलला. थोरल्या भावावरून.

दादाने पत्रे ठोकायच्या कारखान्यात, हातोड्यांच्या दणदणाटात जन्म काढला होता. वडील गेल्यावर त्याच कमाईवर धाकट्याला वाढवलं आणि त्यापायी कान गमावले. कुणी बोललं की तो हात कानामागे न्यायचा, मान डोलवत समोरच्याचेच शब्द परत म्हणायचा, "पाणी गेलंय... पाणी गेलंय, बरं," आणि बरोबर ऐकलं ना, असं डोळ्यांनी विचारायचा. एवढ्यावर त्याचं सगळं निभायचं.

संमेलनात नकल्याचा साहेब खुर्चीत बसला. एकेक कामगार गाऱ्हाणं घेऊन यायला लागला. साहेबाने हात कानामागे नेला, मान डोलवली. "छत गळतंय... छत गळतंय, बरं." पुढचा. "रजा मिळत नाही... रजा मिळत नाही, बरं." पुढचा. सगळं ऐकून घेणारा आणि काडीचंही काही न करणारा तो साहेब बघून लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. खुद्द मॅनेजरांना हसू आवरेना, कारण हे दुसऱ्याच कुणाबद्दल आहे अशी त्यांची खात्री. त्यांच्या पलीकडे दादा आणि वहिनी बसले होते. दादाला शब्द कळत नव्हते, पण लोक हसले की तोही हसायचा आणि भावाच्या कौतुकाने इकडेतिकडे बघायचा. वहिनी हसत नव्हती. नकल्याने हे रंगमंचावरून पाहिलं होतं, खोटं कशाला बोला.

पडदा पडल्यावर सगळे भोवती जमले. छपाईचं मशीन चालवणारा एक जण दादाला म्हणाला, तुमच्या भावाने कमाल केली. दादाचा हात सवयीने कानामागे गेला.

"कमाल केली... कमाल केली, बरं."

असा हशा पिकला म्हणता! लोकांना वाटलं, हाही नक्कल करतोय. कुणी पाठ थोपटली, कुणी आणखी एकदा करून दाखवा म्हणालं. दादा गोंधळून हसला आणि मग त्याने भावाकडे बघितलं. अरे, याला ऐकू येत नाही, एवढंच सांगायचं होतं नकल्याला. ते सोडून तोही हसला, चारचौघांत हसतात तसा. दादाचं हसू विरलं. हात हळूच खाली आला, आणि त्यानंतर तो कुणी वर गेलेला पाहिला नाही.

आता दादा नुसती मान हलवायचा. वहिनीने साखर सांगितली तर मीठ आणायचा. डॉक्टरांनी गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं, तिथेही मान हलवून आला, आणि भलत्याच गोळ्या घेऊन चक्कर येऊन पडला. ते नकल्याला कळलं. काम टाकून तो तडक भावाकडे गेला.

दादा खिडकीशी बसला होता. नकल्या खाली बघत पुटपुटला की माझं चुकलं. दादाने मान हलवली, हसलाही. पण ऐकून की न ऐकता? काही कळेना. तेव्हा या शहाण्याने काय करावं? त्याच सुरात म्हणाला, "दादा, घराला आग लागलीय." दादाने तशीच मान हलवली. तसाच हसला.

दारात वहिनी उभी होती.

"इथेही प्रयोग लावलात का, भाऊजी?"

धरणीने पोटात घ्यावं असं झालं त्याला. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती. तो दादाच्या पुढ्यात जमिनीवर बसला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "दादा, माझं चुकलं. त्या दिवशी मी तुझी नक्कल केली. तुझीच."

समोरच्या घरातल्या दोघीतिघी खिडकीत आल्या. दादाचा हात उचलला गेला, खांद्यापर्यंत आला. त्याने खिडकीतल्या बायकांकडे एकदा बघितलं आणि हात परत गुडघ्यावर ठेवला. मान हलवली.

ऐकलंस का, असं विचारायचीही नकल्याला लाज वाटली.