टायर बदलला, तरी हवा टिकेना

ई-सायकल ग्रुपवाल्यांनो, टायरचा सल्ला मागून मागून मी तुमचं डोकं खाल्लंय. आज निकाल लागला, तोही ऐका.

तुम्ही म्हणालात, मोटरचं वजन मागच्या चाकावर येतं, टायर रुंद घे. सव्वीस बाय २.१ घेतला. म्हणालात, हवा चाळीस पीएसआय ठेव. ठेवली. काट्यांसाठी जाड ट्यूबही टाकली. तरी आज संध्याकाळी पलूसहून एसटीनं परत आले, तर फाट्यावरच्या रांगेत माझीच सायकल पुन्हा रिमवर बसलेली. शेजारच्या सगळ्या गाड्या ठणठणीत.

ते धूड ढकलत पंक्चरवाल्याकडे नेलं. त्यानं ट्यूब पाण्यात फिरवली. एक बुडबुडा नाही. व्हॉल्व्हही चांगला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, टायरला काय झालं न्हाई. हवा सोडलीया कुणीतरी."

घरी येऊन वडिलांना, आप्पांना सांगितलं. नव्वदच्या दशकात ते माधवनगरच्या गिरणीत कामाला जायचे. आमच्या बौद्धवाड्यातली पहिली नवी सायकल त्यांची, आणि चावडीसमोरून ते न उतरता जायचे. मीही रोज तिथूनच जाते.

आप्पा म्हणाले, "माझी बी हवा सोडायची लोकं. मी बी आदी टायरच बदलला हुता."

"मग टिकली का हवा?"

"चावडीपाशी उतरून चालाय लागलो, तवा टिकली."

ग्रुपवर बरीच जाणती माणसं आहात. सांगा, आता कुठल्या साइजचा टायर बसवू?