गटातली पाचवी

तनुजा गटात तोंड उघडत असेल का, ही एकच चिंता विशाखाच्या डोक्यातून जाईना. लेक नांदेडला विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणारी पोरगी. यंदा तिच्या सरांनी वर्गाच्या दोन तुकड्या केल्या होत्या. एकीला नेहमीसारखी लेक्चरं, दुसरीत चौघाचौघांचे गट. कोणती रीत चांगली, ते सरांना ताडून पाहायचं होतं. तनुजा गटात पडली आणि रेणापूरला रोज संध्याकाळी येणारा तिचा लांबलचक फोन आटला.

तो फोन म्हणजे विशाखाचा वर्ग होता. बी.एस्सी. झाल्यावर लग्न झालं, पुढचं शिकायचं राहिलं. सरांचं लेक्चर पक्कं व्हावं म्हणून तनुजा ते आईला सांगायची आणि भाकऱ्या करपल्या तरी विशाखा ऐकत राहायची. शेवटच्या वेळी पाणी झाडाच्या मुळात शिरलं होतं. “वर कसं चढतं ते उद्या,” तनुजा म्हणाली होती. तो उद्या काही उगवला नाही. आता नुसतं “जेवलीस का?” आणि “हो.”

“पोरगी गप झाली हो,” ती नवऱ्याला म्हणाली.

“तुझी लेक अन् गप?” दयानंद हसला. “उगं इचार करायलीस.”

रविवारी शेजारची ऋतुजा तनुजाचा डबा न्यायला आली. तीही नांदेडला त्याच वर्गात, पण लेक्चरच्या तुकडीत.

“गटात बोलती का गं ती?”

“बोलती? काकू, धड्याचा एकेक भाग एकेकानं वाचायचा अन् बाकीच्यांना शिकवायचा. एकाला आलं न्हाई तर चौघांचे मार्क जातेत. देगलूरचा सत्यम हाय त्यांच्यात, त्याला समजेपर्यंत ही सोडत न्हाई. संध्याकाळी घसा बसलेला असतो बाईंचा! आम्ही आपलं उतरवून घेतो अन् डुलक्या देतो.”

विशाखा हसली. डब्यात शेंगांची चटणी भरता भरता हात थांबला. लेक भरभरून बोलत होती, फक्त ऐकणारे बदलले होते.

ऋतुजा गेली. अंगणातल्या तुरीकडे विशाखा बघत बसली. तिच्यापुरतं पाणी अजून मुळातच अडकलं होतं. आपणही नुसतं ऐकतच आलो, तिला वाटलं. मग तिनं माळ्यावरून बी.एस्सी.चं पुस्तक काढलं, झाडाची पानं पाणी बाहेर कसं सोडतात तो भाग दोनदा वाचला.

आज जेवणाचं विचारायचं नाही. म्हणायचं, “पानांचं मी सांगते, मुळापासून वर पाणी तू आण. मला गटात पाचवी म्हणून घे.”

हात पुसून तिनं फोन उचलला.