जमीन गेली की नेली?

तो प्रसंग आठवला की आजही माझे हात आपोआप जोडले जातात, आणि तेही एका फिर्यादीपुढे. पोलिसाने फिर्यादीला हात जोडावेत असे नोकरीत फारसे घडत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो. गावाचे किंवा माणसांचे नाव घेणार नाही. त्यांची मुले-नातवंडे तिथेच सुखाने नांदत आहेत.

दुसरी जागतिक लढाई सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. मानोऱ्याकडच्या एका ठाण्यात मी नवा ठाणेदार होतो. पोहरादेवीच्या यात्रेचा बंदोबस्त आटोपून आम्ही नुकतेच परतलो होतो. उन्हाने सगळ्यांची कातडी सोलून निघाली होती. आमचा जमादार किन्हीराजाकडचा, अंगाने भरभक्कम आणि तोंडाने त्याहून भक्कम. तो पट्टे सोडून जरा टेकतो न टेकतो तोच शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाचा माणूस धापा टाकत आला.

"साहेब, आमच्या गावच्या मोठ्या बाबाले त्याच्या पुतन्यानं न्हानीत ढकललं. जिते हायेत, पन बोलत नाहीत."

मोठे बाबा म्हणजे त्या गावातले सर्वांत मोठे शेतकरी. कापसाला चांगला भाव आला तेव्हा त्यांनी पक्के घर बांधले होते आणि न्हाणीत दगडी फरशीवर विलायती मेणकापड बसवून घेतले होते. जाड, गुळगुळीत, फुलाफुलांचे. साहेब लोक बंगल्यात घालतात आणि लिनोलियम म्हणतात ते. गावातल्या बाया ते मुद्दाम बघायला येत, असे मला नंतर कळले.

आम्ही पोचलो तेव्हा बाबांना छकड्यात घालून दवाखान्यात नेले होते. डोक्याची मागची बाजू रांजणाच्या काठावर आपटून फुटली होती. रांजणावर रक्त होते. बाकी सगळे कोरडे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सांडलेले पाणी कितीसे टिकणार? मी न्हाणीत चालून पाहिले, बुटाची टाच दाबून गोल फिरवून पाहिली. बूट घट्ट धरला जात होता. जमीन सपाट, कोरडी, कुठे फाटलेली नाही, असे पंचनाम्यात लिहिले.

फिर्याद दिली बाबांच्या मुलाने. त्याचे म्हणणे सरळ होते. बाबा आंघोळ करत होते. चुलतभाऊ वावराच्या, म्हणजे शेतजमिनीच्या, हिश्श्याचे बोलायला म्हणून आला होता आणि ओसरीवर बसला होता. हिश्श्याचा वाद कोर्टात चाललेला. एकाएकी न्हाणीतून बाबांची आरोळी आली, "माही जमीन नेली!" मुलगा धावला, तर चुलतभाऊ बाबांवर वाकलेला, हात रक्ताने भरलेले.

हेतू होता, आरोळी होती, रक्ताने भरलेले हात होते. आणखी काय हवे? मी त्या पुतण्याला अटक केली. बाबा वाचले तर खुनाचा प्रयत्न, आणि दगावले तर खून. खुनाला फाशी होती. त्याची विधवा आई भाकरीचे गाठोडे घेऊन ठाण्यासमोरच्या कडुलिंबाखाली येऊन बसली. तिला कोणी बोलावले नव्हते आणि उठवायची कोणाची छाती झाली नाही.

बाबा अजून बेशुद्धच होते. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अशी जखम ढकलल्याने होते तशी घसरल्यानेही होते. म्हणजे त्यांच्याकडून मदत नाही. राहिला प्रश्न पुतण्याचा. त्याला मी पुन्हा पुन्हा विचारले. खोटे बोलणाऱ्याची हकीकत दर खेपेला जास्त गुळगुळीत होत जाते, हा माझा अनुभव. याची हकीकत प्रत्येक वेळी तितकीच ओबडधोबड निघे.

"काका काय ओरडले?"

"'जमीन' येवढंच मले आयकू आलं. मांगचं-पुढचं नाही आलं जी."

"तू आत काहून गेला?"

"धपकन आवाज आला. मानूस पडला तं जाव नाही का? वावराचं भांडन वावरात. काका होय नं माहा."

"पडले कसे होते?"

"उताने. पाय पुढं तानलेले. हातातला लोटा तसाच हातात."

त्या लोट्यापाशी मी अडलो. समोरून कोणी अंगावर आले तर माणूस आधी हातातले टाकतो, हात पुढे करतो. जो काही कळायच्या आत पडतो, त्याचीच मूठ मिटलेली राहते. मी हे बोलून दाखवले तर जमादार म्हणाला, "साहेब, आमच्याकळे मानूस लोटा धरूनच सर्गात जाते. लोट्यावर कायले केस सोडता?"

मी केस सोडत नव्हतो. पण बाबांनी ज्या अवस्थेत ती न्हाणी वापरली त्या अवस्थेत ती मी पाहिलीच नव्हती, हे ध्यानात आले होते. म्हणून पंच आणि फिर्यादी यांना समोर ठेवून पुन्हा जागा तपासायचे ठरवले. बाबांची आंघोळीची रीत मुलाकडून विचारून घेतली. अंगाला तेल, पाटावर बसून कढत पाणी, साबण, मग उठून उभे राहायचे, शेवटचा लोटा खांद्यावरून ओतायचा आणि टाचेवर गिरकी घेऊन खुंटीवरचे धोतर घ्यायचे. जुन्या न्हाणीत छिन्नीने टाकी लावलेला खडबडीत दगड होता. त्यावर त्यांनी उभा जन्म हेच केले होते.

बाबांच्या बांध्याचा माणूस आमच्यात एकच. जमादाराने अंगावरचे कपडे उतरवले, पंचा नेसला आणि पंचांना ऐकू जाईल असे म्हणाला, "यात्रेत आंग धुवाले वेळ नाही भेटला, तं सरकारनं पानी तापवलं माह्यासाठी." मी रांजणाला गोधड्या गुंडाळून घेतल्या होत्या. सगळे हसत होते. फिर्यादी दाराशी उभा होता, तो हसत नव्हता.

तेल झाले, साबण झाला. जमादार उठला, लोटा ओतला, खुंटीकडे वळला आणि त्याचे दोन्ही पाय एकदम पुढे गेले.

"अरे जमीन गेली!"

एवढे ओरडून तो गोधड्यांवर जाऊन आदळला. लोटा हातातच होता.

कोरड्यात बुटाला घट्ट धरणारी ती वस्तू ओल्या, तेलकट तळपायाला अजिबात धरत नव्हती. खडबडीत दगडावर पाणी खाचांत उतरते आणि पायाला दगड लागतो. इथे पाण्याला उतरायला जागाच नव्हती, पाय पाण्यावरच राहत होता. हे मला त्या क्षणी दिसले. पण हे सगळे 'घसरले असतील' इथपर्यंतच जात होते. 'माझी जमीन नेली' असे ओरडणारा माणूस घसरलेला नसतो, कोणावर तरी आरोप करत असतो. आणि फिर्यादीत ते शब्द तसे होते.

पंच जमादाराला उठवत होते. दाराशी उभ्या फिर्यादीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब," तो म्हणाला, "माहं बयान पुन्यांदा लिवा."

"काहून?"

"बाबा असेच वरडले होते. अस्सेच. 'जमीन गेली' म्हनले. 'माही' नाही म्हनले, 'नेली' बी नाही म्हनले. माह्या डोक्शात रातंदिवस वावर फिरून राह्यलं होतं, ते मी त्याले जोडलं. तवा मले तसंच आयकू आलं जी. आता जमादाराचा आवाज आयकला अन् बाबाचा आवाज पुन्हा कानात आला."

मी त्याला बाजूला घेतले. बजावले, की बयान फिरवलेस तर खोटी फिर्याद दिली म्हणून तुझ्यावरच खटला होऊ शकतो. चुलतभाऊ सुटेल आणि कोर्टातल्या वादात त्याची बाजू वर येईल. विचार करून बोल.

तो खाली त्या फुलाफुलांच्या मेणकापडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्याले फाशी झाली तं वावर कसं पिकन मले? लिवा तुमी."

मी लिहिले. गुन्हा घडलेला नाही, असा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठवला. फिर्याद द्वेषाने नव्हे तर घाबरून दिली होती, हेही त्यात मुद्दाम घातले. साहेबांनी पुतण्याला सोडले आणि मुलावर कारवाई केली नाही. त्यांचेही उपकार मी विसरलेलो नाही. बाबा पुढे शुद्धीवर आले, पण त्यांना कढत पाण्यापलीकडे काही आठवत नव्हते. त्यांनी मेणकापड न्हाणीतून काढून बैठकीत घातले आणि न्हाणीच्या दगडाला नव्याने टाकी लावून घेतली. जमादार महिनाभर एका कुल्ल्यावर बसत असे आणि विचारणाऱ्याला सांगे, "माही जमीन गेली, पन एका मानसाची मान राह्यली."

पुतण्याला सोडले त्या दिवशी त्याला न्यायला चुलतभाऊच छकडा घेऊन आला होता. लिंबाखालची ती बाई उठली. आपला मुलगा समोर उभा असताना ती आधी त्याच्याकडे गेलीच नाही. ज्याने तिच्या मुलाला कोठडीत घातले होते, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो मान खाली घालून म्हणाला, "काकू, माहं चुकलं." तिने त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली आणि म्हणाली, "तू बोलला नं बाप्पा. बस झालं."

त्या तपासाने मला शिकवले, की जागा पाहायची तर ती ज्या अवस्थेत वापरली त्या अवस्थेत पाहावी, आणि माणसाच्या मनात जे घोळत असते तेच त्याच्या कानाला ऐकू येते. नव्या फौजदारांना मी हे सांगत आलो. पण त्याहून मोठे जे मिळाले ते शिकवण्यासारखे नाही, त्याबद्दल आभारच मानता येतात. ती आरोळी पुरी ऐकलेला दुसरा साक्षीदार नव्हता. मी कितीही पाणी ओतले असते तरी ते दोन शब्द फिर्यादीतून पुसले गेले नसते. तो नुसता गप्प राहिला असता, तर मी तपास पूर्ण करून खटला पाठवला असता, कदाचित शाबासकीही घेतली असती. आणि आपण एका निरपराध माणसाला तुरुंगात, बाबा दगावले असते तर फासावर, धाडले हे मला मरेपर्यंत कळले नसते.