टिकलीवाला लॅपटॉप

आधी चहा घोटभर घ्या. नंतर घ्याल तर हसताना सांडेल, कारण हा किस्सा माझ्या हुशारीचा आहे!

त्या दिवशी मी मेथी निवडत बसले होते. खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी सावंतभाऊजींचा मेसेज आला : नव्या अपडेटनंतर म्हणे कॉम्प्युटर आपल्याच स्क्रीनचे फोटो काढून ठेवतो. सावध राहा!

आता गंमत बघा. मी लिहिते ते कुणी वाचत नाही, ही माझी जन्माची तक्रार. आणि कॉम्प्युटर वाचतोय म्हटल्यावर माझीच घाबरगुंडी!

पण मी घाबरणाऱ्यातली नाही. मेथी तशीच टाकून उठले. आधी कॅमेरे बंद! चिकटपट्टी सापडेना. ड्रॉवरमध्ये बारीक काळ्या टिकल्यांचं पाकीट होतं, हे गेल्यापासून तसंच पडलेलं. एक लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर लावली, एक फोनच्या. काळ्यावर काळं, दिसतंय कुणाला?

मग सावंतभाऊजींनाच बोलावलं. ते महाप्याला आयटीत आहेत.

“वहिनी, विंडोज काढून लिनक्स टाकू या. फुकट आहे, आणि चोंबडेपणा करत नाही.”

“टाका!”

टाकलं. मी इतकी खूश, की बिल्डिंगभर सल्ले वाटत फिरले. त्या नादात टिकल्या साफ विसरले.

रविवारी जर्मनीहून मुक्ताचा, माझ्या लेकीचा, व्हिडिओ कॉल. तिचे बाबा गेल्यापासून ती दर रविवारी माझा चेहरा तपासते. जेवले का, रडले का. नुसत्या आवाजावर तिचा विश्वास नाही.

“आई, अंधार का गं?”

“नवीन सिस्टीम आहे. कॅमेऱ्याशी पटत नसेल.”

“मग फोनवरून कर.”

फोनवरही अंधार!

“बघ!” मी ठणकावलं. “लॅपटॉपमधून हाकललं, तर आता फोनमध्ये घुसलेत!”

मुक्ताचा आवाज उतरला. मग हळूच, “आई, तोंड लपवतेयस का? बरी आहेस ना? मी तिकीट काढते.”

नवीन नोकरी तिची, रजा कुठली मिळणार? मी भाऊजींना पुन्हा उभं केलं. त्यांनी सेटिंग बदललं. अंधार. जुनी सिस्टीम परत टाकली. अंधारच! घाम पुसत ते म्हणाले, “प्रकरण लय वरपर्यंत गेलेलं दिसतंय, वहिनी.”

झालं! मी ग्रुपवर जाहीर केलं, “मला टार्गेट केलंय.” अर्ध्या बिल्डिंगने वायफाय बंद केलं!

तिकडे मुक्ताने घाबरून सावंतवहिनींना फोन केलेला. त्या पेजेचं भांडं घेऊन आल्या. समोर कॉल चालूच होता. त्यांनी भांडं ठेवलं, लॅपटॉपकडे वाकून पाहिलं.

“ताई, ह्याला टिकली कुणी लावली?”

नखाने टिकली उचलली. पलीकडून मुक्ता किंचाळली, “दिसलीस! आई, दिसलीस!”

भाऊजी म्हणाले, “इतकी वर्षं आयटीत काढली, पण हा व्हायरस पहिल्यांदाच बघतोय!”

लिनक्स पुन्हा टाकून घेतलं. ते बिचारं निर्दोष सुटलं. माझ्यावर पाळत ठेवणारं कुणी सापडलं नाही. अख्ख्या प्रकरणात घातपात करणारी एकच निघाली, आणि ती चहा करत होती!

हसणं ओसरल्यावर मुक्ता म्हणाली, “आई, ती टिकली टाकू नकोस हं. कपाळाला लाव.”

“बघू,” म्हटलं.

दोन्ही कॅमेऱ्यांवरच्या काढल्यात. कपाळाला अजून लावलेली नाही.