चार मिनिटं आणि चार मिनिटांत

बस डेपोत त्याला सगळे उस्ताद म्हणत. वळणावळणाच्या उतारावरून तो गाडी अशी खाली आणायचा की मागच्या बाकावर झोपलेलं मूल कूससुद्धा बदलत नसे, म्हणून हे नाव पडलं. उभा जन्म त्याने स्टिअरिंगवर काढला. मग एका भर दुपारी त्याने गाडी फलाटाला लावली, ब्रेक ओढला, चाकावर कपाळ टेकवलं, आणि ते काही उचललं नाही.

त्याच्या कंडक्टरने त्याला ओढून खाली फरशीवर आडवं केलं आणि छातीवर दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात केली. असं करायचं हे त्याला डेपोतल्याच एका शिबिरात कुणीतरी दाखवलं होतं. पुढे जवळच्याच दवाखान्यातून रुग्णवाहिका आली, झटका द्यायचं यंत्र आलं, झटका दिला आणि उस्तादचं हृदय पुन्हा चालू झालं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "चार मिनिटं बंद होतं. नशीबवान आहात."

शेजारीपाजारी म्हणाले, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. जो तो हळूच विचारायचा, "मग? काय दिसलं पलीकडे?" उस्ताद काय सांगणार! ब्रेक ओढल्याचं आठवत होतं आणि नंतर एकदम दवाखान्याचं पांढरं छत. मधली चार मिनिटं त्याच्या आयुष्यातून कुणी कात्रीने कापून नेल्यासारखी. त्या कापलेल्या जागेवरून त्याचं मन पुन्हा पुन्हा फिरायचं, दात पडल्यावर जीभ फिरते तसं.

गाडी चालवायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. साहेबांनी त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथे एकदा एक परदेशी बाई आली आणि समोर उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवून काहीतरी विचारू लागली. पाणी आणायला वेळ आहे का, एवढं उस्तादला उमगलं. गाडी दहा मिनिटं थांबणार होती. त्याने छाती पुढे काढून सांगितलं, "बस स्टॉप इन टेन मिनिट्स!" बाईने मान डोलावली, पाणी आणलं आणि निवांत बाकावर बसली. तिची गाडी तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली, तरी ती हलली नाही. तिची समजूत अशी झाली होती की ही गाडी दुसरीच, आपली अजून दहा मिनिटांनी येऊन थांबायची आहे.

"एवढ्याशा 'इन'ने गाडी चुकवली! 'फॉर' म्हणायला हवं होतं म्हणे!" घरी येऊन त्याने कपाळावर हात मारला.

बायको म्हणाली, "अहो, मग शिका की. गाडीचे सगळे गिअर कळतात, भाषेचा एक कळणार नाही होय?"

वाचनालयाच्या माडीवर सकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकवणारी बाई उस्तादच्या लेकीच्या वयाची. शेजारच्या बाकावर परदेशातल्या लेकाकडे निघालेल्या एक आजी बसत. उस्तादने पहिल्याच दिवशी त्या परदेशी बाईची बस चुकवल्याची कहाणी सांगितली. आजी डोळे पुसेपर्यंत हसल्या. बाई मात्र खुशीत आल्या.

"काका, आजचा धडाच दिलात तुम्ही. मला सांगा, तुम्ही तासभर गाडी चालवली आणि तासाभरात गावाला पोचलात. यात फरक काय?"

"तासभर म्हणजे नुसतं चालवणं. कुठे पोचलो ते सांगितलंच नाही. तासाभरात म्हटलं की काम फत्ते."

"तेच! चालवलं ते 'फॉर ॲन अवर'. पोचलात ते 'इन ॲन अवर'. आता तासभर पोचलो असं म्हणून बघा."

उस्तादने म्हणून पाहिलं आणि त्यालाच हसू आलं. पोचणं म्हणजे एक क्षण, तो तासभर ताणणार कसा? पण हसता हसता तो थबकला. हा भेद त्याला कुणीच शिकवला नव्हता. आईच्या कडेवर असताना तो कधीतरी त्याच्या जिभेवर येऊन बसला होता. आणि साता समुद्रांपलीकडच्या लोकांनाही तोच भेद करावासा वाटला होता. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"पण बाई," आजी म्हणाल्या, "खिडकी उघडणं हाही एक क्षणच. तरी 'जरा दहा मिनिटं खिडकी उघड' असं मी सुनेला म्हणतेच की."

"म्हणता ना? इंग्रजीतही म्हणतात. पण ती दहा मिनिटं उघडण्याची नाहीत, खिडकी उघडी राहण्याची आहेत. क्रिया क्षणात होते आणि काळ मोजतो तो तिच्या मागे राहिलेल्या अवस्थेला. मात्र ती अवस्था पुन्हा मोडता येणारी हवी. खिडकी परत लावता येते, म्हणून चालतं."

वर्ग पुढे सरकला, पण उस्ताद तिथेच अडकून पडला. शेवटी त्याने हात वर केला. घसा साफ करून तो म्हणाला, "बाई, माझं हृदय चार मिनिटं बंद पडलं होतं. हे कसं म्हणायचं?"

आजी वळून त्याच्याकडे बघू लागल्या.

"माय हार्ट स्टॉप्ड फॉर फोर मिनिट्स," बाई सावकाश म्हणाल्या.

"आणि मी चार मिनिटं मेलो होतो, असं?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "नाही काका. 'डाइड'ला असा 'फॉर' सहसा जोडत नाहीत. त्या अवस्थेतून कुणी परत येत नाही, मग काळ मोजायचा तरी कशाचा? आपणसुद्धा 'तो चार मिनिटं मेला' असं सरळ मनाने म्हणत नाही. म्हटलंच, तर ऐकणारा म्हणतो, अहो, म्हणजे मेला नव्हताच."

उस्ताद बाकावर मागे टेकला. शेजाऱ्यांनी, खुद्द त्याने, सगळ्यांनी त्या चार मिनिटांना मरण म्हणून टाकलं होतं. आणि इथे भाषा त्याला सांगत होती की ते थांबणं होतं. थांबलेलं पुन्हा सुरू होतं. माणसांनी कोण जाणे किती पिढ्या बोलून बोलून भाषेचं हे दार इतकं बरोबर बसवलं होतं, की थांबलेल्याला आत घ्यावं आणि मेलेल्याला घेऊ नये. एवढ्या मोठ्या गोष्टीची राखण एवढासा 'फॉर' करत होता! त्याचे डोळे भरून आले. आजींनी मुकाट्याने आपला रुमाल पुढे केला.

घरी जाण्याऐवजी त्याने डेपो गाठला. त्याच्या जुन्या कंडक्टरला आता दुसरी गाडी मिळाली होती. त्या दुपारनंतर दोघं एकमेकांना लांबून हात करत, बोलणं मात्र टाळत. जीव वाचवणाऱ्याचे आभार कसे मानायचे हे उस्तादला कळत नव्हतं, आणि ते ऐकून घ्यायचे कसे हे कंडक्टरला. कंडक्टर गाडीच्या पायरीवर बसून डबा खात होता.

"मला ती चार मिनिटं सांग," उस्ताद म्हणाला. "माझ्याकडे नाहीयेत. तुझ्याकडे आहेत."

कंडक्टरचा घास हातातच राहिला. "चार? कोण म्हणतो चार? मला तर वाटलं, मी तासभर दाबतोय!" मग तो बोलतच सुटला. कोण किंचाळलं, कुणी पाणी तोंडात घालायला धावलं आणि त्याने ते कसं ओरडून थांबवलं, एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर बसून मोठ्याने आकडे कसे मोजत होते. "आणि कडकन आवाज झाला रे. तुझी बरगडी. मला वाटलं, आता मीच मारलं याला. सोडून पळावंसं वाटलं."

"पळाला का नाहीस?"

"ते गृहस्थ मोजत होते ना. मोजणं थांबेना, मग हात कसे थांबवू?"

उस्ताद त्याच्या शेजारी पायरीवर बसला. "बरगडी तू मोडलीस होय! महिनाभर शिंकता येत नव्हतं मला." दोघांना हसू फुटलं, आणि हसता हसता कंडक्टरचा आवाज फाटला.

"ऐक," उस्ताद म्हणाला, "आज एक गोष्ट कळली. माझं हृदय चार मिनिटं थांबलं. तिथे लागतो 'फॉर'. आणि तू मला चार मिनिटांत परत आणलंस. तिथे लागतो 'इन'. मिनिटं तीच बघ. माझ्या बाजूने नुसती रिकामी पडलेली. तुझ्या बाजूने काम पुरं झालेलं."

कंडक्टर डब्याचं झाकण लावत म्हणाला, "मी नाही आणलं. मी आपला दाबत होतो. यंत्राने आणलं."

"यंत्र येईपर्यंत आणायला काही शिल्लक कुणी ठेवलं?"

कंडक्टरने डबा पुन्हा उघडला आणि उस्तादपुढे धरला.

रविवारी उस्ताद त्याला घरी घेऊन आला. बायकोनेही ती चार मिनिटं कधी ऐकली नव्हती. त्या वेळी ती घरी कपडे वाळत घालत होती, तिला कळलं ते सगळं पार पडल्यावर. ती कंडक्टरसमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "भावोजी, पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

तो सांगू लागला. बरगडीपाशी आल्यावर तिने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि सांगून संपेपर्यंत सोडलं नाही. चार मिनिटांची हकीकत संपायला दुपार पुरली नाही.