भीमेतले उपाशी शिंपले

तिसरा शिंपला हातात घेतला, तोही चाकू न लावता उघडला. जिवंत शिंपला असा उघडत नाही. दौंडजवळ भीमेच्या पात्रात मी सॅम्पल घेत होते आणि पायाखाली शेकडो शिंपले आ वासून पडले होते.

मी एका खासगी वॉटर-टेस्टिंग लॅबमध्ये बायॉलॉजिस्ट आहे. नदीतून बोटीने वाळू उपसणाऱ्या ठेकेदाराने आम्हाला बोलावलं होतं. शिंपले रोगाने मेले, असं त्याचं म्हणणं.

"रोग हाय, तर बोटीच्या वरल्या अंगाला कसा न्हाई?" सखाराम आप्पांनी विचारलं. आप्पा आणि त्यांची सून शिंपले काढून बाजारात विकत. घर त्यावरच चालायचं.

मी वरच्या अंगाचेही शिंपले घेतले. खालचे जे धुगधुगी धरून होते, तेही घेतले. लॅबमध्ये दोन्ही कापले.

शिंपला अन्न शोधायला जात नाही. कोकणात खातात त्या तिसऱ्यांसारखाच तो एका नळीतून पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर गाळतो, दुसऱ्या नळीने सोडतो. शेवाळाचे कण तोंडाकडे जातात. माती चिकट स्रावात गुंडाळून तो बाहेर टाकतो. माती फार झाली की दिवसभर तेवढंच काम. स्राव बनवण्यात अंगातली ताकद जाते, पोटात काही पडत नाही.

खात्या शिंपल्याच्या पोटात काचेसारखी एक मऊ कांडी असते. ती फिरत फिरत अन्न दळते. उपासमारीत ती विरघळून जाते. वरच्या शिंपल्यांत कांडी होती. खालच्या एकातही नव्हती. कल्ले बोटीने ढवळलेल्या चिखलाने लिंपलेले.

मी आप्पांना फोन केला. "रोग नाही. उपासमार आहे."

"पान्यात ऱ्हाऊन उपाशी?"

"हो."



लॅबच्या प्रमुख सरांनी माझा रिपोर्टचा ड्राफ्ट वाचून बाजूला ठेवला. "वर्क ऑर्डरमध्ये काय आहे? पीएच, ऑक्सिजन, मेटल्स. लिमिटमध्ये आहेत ना?"

"आहेत. पण सर, टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा..."

"तो मागितलेलाच नाही. तक्ता द्या, सही करा."

मी सही केली. आकडे खरे होते, अशी स्वतःची समजूत घातली.

महिन्याने आप्पा त्याच रिपोर्टची झेरॉक्स घेऊन लॅबमध्ये आले. "तहसील हापिसात गेलतो तक्रार घिऊन. ते म्हंले, पानी चांगलं हाय, ही बघा म्याडमची सही." आवाज चढलेला नव्हता. "तुमी तर मला उपासमार म्हनला व्हता."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

त्याच आठवड्यात कापलेल्या शिंपल्यांचे फोटो आणि माझी टिपणं मी स्वतःच्या नावाने तहसीलला पाठवली. पोच मिळाली. सरांनी मला फील्डवरून काढून स्टोअरला बसवलं. तोवर बोट वरच्या अंगाला सरकली होती, आणि आप्पांची सून कारेगावला पॅकिंगच्या कामाला लागली होती.

रिपोर्टमध्ये खोटं लिहावं लागत नाही. काय तपासायचं नाही, एवढं ठरवलं की पुरतं.